विश्लेषण : विषय आहे, पद नाही! मैदानावर जीव वाचवायला शिकवणारा प्राध्यापक आपल्याकडे का घडत नाही?

बुलडाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद, संग्रामपूर, नांदुरा या पट्ट्यात पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली दिसणे आता नवे राहिलेले नाही. कुणी पोलीस भरतीसाठी पळतो, कुणी अग्निवीरसाठी. पायात बूट असतात, मोबाइलवर स्टॉपवॉच असते, वेळ नोंदवणारा मित्र असतो. मात्र धावताना कुणी कोसळला, तर पहिल्या दहा मिनिटांत नेमके काय करायचे याचे शिक्षण घेतलेला माणूस जवळपास क्वचितच असतो. असा माणूस तयार करणारे एक स्वतंत्र शास्त्र जगात आहे, त्याचे विद्यापीठीन प्राध्यापकही आहेत. आपल्याकडे तो विषय अभ्यासक्रमात आहे, पण पद नाही. हे असे का?

ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे नेमके कोण?

नावावरून हा व्यायाम करून घेणारा प्रशिक्षक असेल असे वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. प्रशिक्षक खेळाडूची कामगिरी वाढवतो. क्रीडाशिक्षक शाळेत खेळ शिकवतो. फिजिओथेरपिस्ट बहुतेक वेळा दुखापत झाल्यानंतर भेटतो. ॲथलेटिक ट्रेनर या तिघांच्या मधल्या जागेत उभा असतो. दुखापत होऊ नये म्हणून सराव कसा वाढवायचा, उन्हात किती वेळ पळवायचे, मैदानावर कोसळलेल्या खेळाडूला आधी काय झाले आहे हे कसे ओळखायचे, डॉक्टर येईपर्यंत काय करायचे आणि बरा झालेला खेळाडू पुन्हा कधी मैदानात उतरवायचा, हे त्याचे काम. तो सरावाच्या वेळी मैदानावरच असतो, हे त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य.

विद्यापीठातला या विषयाचा प्राध्यापक दोन ठिकाणी काम करतो. वर्गात तो शरीररचना, दुखापती आणि पुनर्वसन शिकवतो. मैदानावर विद्यार्थ्यांना सोबत घेऊन खऱ्या खेळाडूंवर हेच काम करून दाखवतो. त्याचे संशोधनही याच मैदानातून येते.

अमेरिकेत हा व्यवसाय कसा उभा राहिला?

अमेरिकेत १९५० मध्ये कॅन्सस सिटी येथे ॲथलेटिक ट्रेनर्सची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्याआधी हे काम करणारे लोक होते, पण त्यांचे शिक्षण एकसारखे नव्हते. बँडेज बांधणारा, मालिश करणारा इतकीच अनेकांची ओळख होती. संघटनेने अभ्यासक्रम ठरवले, परीक्षा सुरू झाली आणि १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायाला आरोग्य क्षेत्रातील संलग्न व्यवसाय म्हणून मान्यता दिली. पुढे किमान पात्रता पदव्युत्तर करण्याचा निर्णय झाला. २०२२ नंतर पदवी स्तरावरील व्यावसायिक अभ्यासक्रमांत नवे प्रवेश देणे थांबले.

या प्रवासात विद्यापीठांतील प्राध्यापकांचा वाटा मोठा होता. अभ्यासक्रम, परीक्षा, संशोधन आणि नियम या चारही गोष्टी एकाच साखळीत आल्या. त्यामुळे ‘मैदानावरचा मदतनीस’ हा परवानाधारक आरोग्यसेवक झाला.

एका प्राध्यापकाच्या कारकिर्दीने काय बदलू शकते?

यासाठी डग्लस कासा यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १९८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे १० हजार मीटर शर्यतीत धावताना १६ वर्षांचे कासा उष्माघाताने कोसळले. तेथे उपस्थित असलेले ॲथलेटिक ट्रेनर केंट स्क्रायबर यांनी धोका ओळखला आणि लगेच उपचार सुरू केले. कासा बेशुद्धावस्थेतून बाहेर आले. पुढे त्यांनी हाच विषय आयुष्यभरासाठी निवडला आणि ते कनेक्टिकट विद्यापीठात प्राध्यापक झाले.

२००१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक फुटबॉल संघाचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर याचा सराव शिबिरात उष्माघाताने मृत्यू झाला. त्याच्या नावाने २०१० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात संस्था सुरू झाली आणि तिची धुरा कासा यांच्याकडे आली. शालेय खेळाडूंना हंगामाच्या सुरुवातीला उष्णतेची सवय टप्प्याटप्प्याने, १४ दिवसांत कशी लावायची, याची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामागेही कासा आणि त्यांचे सहकारी होते. वेगवेगळ्या राज्यांनी आपले शालेय क्रीडा नियम बदलावेत यासाठी ही मंडळी सातत्याने पाठपुरावा करत आली आहेत.

या क्षेत्रातील एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतील फालमथ रोड रेस या उन्हाळी शर्यतीतील १८ वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात परिश्रमजन्य उष्माघाताचे २७४ रुग्ण आढळले. सर्वांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवून थंड करण्यात आले आणि सर्वच्या सर्व वाचले. म्हणजे हा मृत्यू अटळ नसतो. योग्य उपचार वेळेत मिळाला, तर तो जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो.

पद असले म्हणजे सगळे आपोआप होते असेही नाही. २०१८ मध्ये मेरिलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर सरावादरम्यान कोसळला आणि दोन आठवड्यांनी दगावला. तेथे प्रशिक्षित कर्मचारी होते, पण त्याला थंड पाण्यात बुडवण्याचा उपचार वेळेत झाला नाही. विद्यापीठाला जबाबदारी स्वीकारावी लागली. ज्ञान, सराव आणि उत्तरदायित्व या तिन्ही गोष्टी लागतात, हा त्याचा अर्थ.

विदर्भात अशी परंपरा नाही का?

परंपरा आहे, आणि ती अभिमानाची आहे. जळगाव जामोद ज्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते, त्याच अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डी, मल्लखांब अशा भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर सादर केली. आखाड्यापासून सुरू झालेल्या या संस्थेने पुढे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय उभे केले. विदर्भातील शाळा-महाविद्यालयांतले कितीतरी क्रीडाशिक्षक तेथून शिकून बाहेर पडले. मंडळाचे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

देशपातळीवर पाहिले तर चेन्नईचे वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९२० पासून, कांदिवलीची शासकीय प्रशिक्षण संस्था १९३८ पासून आणि ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था १९५७ पासून काम करत आहे. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये सुरू झाली. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आणि खेळाचा प्रशिक्षक या दोन वाटा अशा रीतीने तयार झाल्या. खेळाडूच्या सुरक्षेचा तज्ज्ञ ही तिसरी वाट मात्र स्वतंत्रपणे आखली गेली नाही.

आपल्याकडे या क्षेत्रात प्राध्यापक कसे होता येते?

जळगाव जामोदमधील एखाद्या विद्यार्थिनीने हे करिअर निवडले, तर तिचा मार्ग साधारण असा असेल. आधी पदवी, मग दोन वर्षांचे बीपीएड, त्यानंतर दोन वर्षांचे एमपीएड. एमपीएडला किमान ५५ टक्के गुण हवेत. पुढे नेट किंवा राज्याची सेट परीक्षा. विद्यापीठ अनुदान आयोगाने सहायक प्राध्यापक पदासाठी पीएचडीची अट आणण्याचे ठरवले होते, परंतु जुलै २०२३ पासून नेट-सेट हीच किमान पात्रता ठेवण्यात आली. पीएचडी असल्यास बढतीत फायदा होतो.

महाविद्यालयातले पद असेल तर त्याचे नाव ‘शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक’. यासाठी २०१८ च्या नियमावलीत शारीरिक क्षमता चाचणीही आहे. ३० वर्षांपर्यंतच्या पुरुषाने १२ मिनिटांत १८०० मीटर, तर त्याच वयाच्या महिलेने आठ मिनिटांत १००० मीटर अंतर धावत किंवा चालत पार करावे लागते. वय वाढते तसे हे अंतर कमी होते.

सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७ हजार ७०० रुपयांपासून सुरू होते. सहयोगी प्राध्यापकाचे १ लाख ३१ हजार ४०० आणि प्राध्यापकाचे १ लाख ४४ हजार २०० रुपयांपासून. पीएचडी घेऊन रुजू झालेल्या शिक्षकाला सर्व अटी वेळेवर पूर्ण करत प्राध्यापक पदापर्यंत जायला किमान १५ वर्षे लागतात. कागदावर हा मार्ग चांगला आहे.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण पदांची. राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये अनुदानित महाविद्यालयांतील ४ हजार ७३८ रिक्त पदे भरण्यास मान्यता दिली. त्यात सहायक प्राध्यापकांची पदे ३ हजार ५८० होती, तर शारीरिक शिक्षण संचालकांची फक्त १३९. ही संख्या संपूर्ण राज्यासाठी होती. त्यानंतर करोनाकाळात, ४ मे २०२० च्या निर्णयाने नवी भरतीच थांबली. नेट-सेट होऊनही तासिका तत्त्वावर काम करत वय वाढवणारे उमेदवार हे प्रत्येक विद्याशाखेतील वास्तव आहे. शारीरिक शिक्षणात मुळात पदेच कमी असल्याने ते अधिक टोचते.

दुसरी अडचण कामाच्या स्वरूपाची. क्रीडा संचालक एकटाच असतो. संघ निवडणे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना नेणे, साहित्य खरेदी, मैदानाची देखभाल, नोंदी, शिवाय महाविद्यालयातील शिस्त आणि कार्यक्रम. दुखापत प्रतिबंधासाठी वेळ उरत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मूलभूत. बीपीएडच्या अभ्यासक्रमात क्रीडावैद्यक, फिजिओथेरपी आणि पुनर्वसन हा विषय आहे. एमपीएडमध्ये ‘ॲथलेटिक केअर अँड रिहॅबिलिटेशन’ नावाचा पेपर आहे. विद्यार्थी तो लिहितात, उत्तीर्ण होतात. परंतु त्यात विशेष प्रावीण्य मिळवलेल्यांसाठी शाळेत, तालुका क्रीडा संकुलात किंवा भरतीच्या मैदानावर पद नाही. पद नसल्याने विशेष शिक्षण घेणारे कमी, आणि शिक्षण घेणारे कमी असल्याने हा विषय शिकवणारे प्राध्यापकही मोजके. दुसऱ्या बाजूला २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने फिजिओथेरपिस्टना राष्ट्रीय चौकट मिळाली आहे. पण ते मुख्यतः रुग्णालयात आणि शहरात असतात. पहाटेच्या सरावाला मैदानावर नसतात.

शाळांमध्येही चित्र वेगळे नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या शाळेत १०० हून अधिक विद्यार्थी असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पूर्णवेळ शिक्षकाची सक्ती नाही.

भरतीच्या मैदानांनी काय दाखवून दिले?

जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही तरुणांचा मृत्यू झाला. राज्यभर संताप उसळला आणि चाचणीचे अंतर कमी करण्यात आले. आज पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० गुण याच धावण्याला आहेत. जून २०२४ मध्ये सुरू झालेल्या भरतीतही उमेदवाराच्या मृत्यूची घटना घडली. त्याच वर्षी झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या १० किलोमीटर धावण्यात दहाहून अधिक उमेदवारांनी प्राण गमावले.

प्रत्येक मृत्यूचे कारण एकच नसते. कुठे उष्माघात, कुठे आधी लक्षात न आलेला हृदयदोष, कुठे रात्रभर प्रवास करून उपाशीपोटी धावणे, कुठे ताकद वाढवण्याच्या नावाखाली घेतलेली औषधे. अंतर कमी केल्याने धोका घटतो, पण संपत नाही. कारण १६०० मीटर हे अंतर उमेदवार जिवाच्या आकांताने धावतो. एका सेकंदावर गुण आणि गुणांवर नोकरी अवलंबून असते. शिवाय भरतीच्या दिवशी मैदानावर रुग्णवाहिका असते. त्याआधी गावच्या रस्त्यावर वर्ष-दीड वर्ष चाललेल्या सरावात कुणीही नसते.

जळगाव जामोदसारख्या तालुक्यात धोका अधिक का?

याची तीन स्थानिक कारणे आहेत. पहिले, ऊन. पश्चिम विदर्भात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर राहणे नेहमीचे. पावसाळ्याच्या तोंडावर उकाड्यासोबत दमटपणा येतो आणि घाम वाळत नाही. शरीर थंड होण्याचा मुख्य मार्गच बंद पडतो. जून हा त्यामुळे फसवा महिना असतो.

दुसरे, पाणी. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा या भागाला लागून आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत किडनीच्या आजारांच्या तक्रारी अनेक वर्षांपासून आहेत. अशा भागात घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊन धावणे धोक्याचे असते. या गोळ्यांमुळे किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह घटू शकतो. ‘गुडघा दुखतोय, गोळी घे आणि पळ’ हा सल्ला मैदानावर सहज दिला जातो. तो थांबवणारा जाणकार तेथे नसतो.

तिसरे, सिकलसेल. सातपुड्याच्या पायथ्याशी भिंगारा, चाळीसटापरी यांसारखी आदिवासी गावे आहेत. विदर्भातील आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेलचे वाहक आढळतात. वाहक व्यक्ती एरवी निरोगी असते, खेळूही शकते. पण अति उष्णतेत, पाणी न पिता, विश्रांतीशिवाय जोरात धावल्यास क्वचित प्राणघातक गुंतागुंत होऊ शकते. अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने म्हणूनच २०१० पासून वरच्या श्रेणीतील खेळाडूंसाठी सिकलसेल तपासणी लागू केली. भारतात जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्याची तपासणी आणि मैदान यांचा धागा मात्र जोडला गेलेला नाही. वाहक तरुणाला खेळापासून दूर ठेवायचे नसते. त्याचा सराव हळूहळू वाढवायचा असतो, इतकेच.

यासाठी महागडी यंत्रणा लागते का?

नाही. परिश्रमजन्य उष्माघाताचा मूलमंत्र ‘आधी थंड करा, मग हलवा’ असा आहे. धावताना अडखळणे, असंबद्ध बोलणे, चिडचिड, शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसताच रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत शरीर थंड करायचे. पहिली ३० मिनिटे निर्णायक असतात. बर्फाच्या पाण्याचा टब सर्वोत्तम. तो नसेल तर ताडपत्रीही चालते. पाच-सहा जणांनी ताडपत्रीच्या कडा उचलून धरायच्या, मध्ये रुग्ण, त्यावर पाणी आणि बर्फ. डोके पाण्याबाहेर राहील याची काळजी घ्यायची. ही पद्धत संशोधनातून तपासली गेली आहे. शेतकऱ्याच्या घरी ताडपत्री असतेच, आणि बर्फ आठवडी बाजाराच्या गावात मिळतो. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी ओतणे मात्र टाळायचे. श्वास आणि नाडी थांबली असेल तर छातीवर दाब देण्याची सीपीआर पद्धत लगेच सुरू करायची.

उन्हाची सवय लावणेही फुकट आहे. १० ते १४ दिवस रोज थोडा थोडा सराव वाढवला की शरीर लवकर घाम सोडू लागते, घामातून मीठ कमी जाते आणि हृदयावरचा ताण घटतो. भरतीची जाहिरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात जोर लावणारे म्हणूनच अधिक धोक्यात असतात.

पुढचा मार्ग कोणता?

महाराष्ट्राने २०२० च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. मणिपूरमधील राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०१८ चा. अशा विद्यापीठांत क्रीडाविज्ञान शिकवले जाईल, संशोधन होईल. परंतु पदवीधारकाने शेवटी काम कुठे करायचे, हा प्रश्न सोडवल्याशिवाय ही साखळी पूर्ण होत नाही. अमेरिकेचा अनुभव पाहता आधी पदाची व्याख्या, मग परवाना आणि त्यातून अभ्यासक्रमाचा दर्जा असा क्रम जमून आला.

इतकी मोठी सुधारणा होईपर्यंत काही गोष्टी लगेच शक्य आहेत. विद्यापीठांनी एमपीएडच्या विद्यार्थ्यांचा काही काळ तालुक्याच्या मैदानांवर प्रत्यक्ष काम म्हणून धरावा. महाविद्यालयांतील क्रीडा संचालकांना सीपीआर आणि उष्माघात उपचारांचे प्रशिक्षण ठरावीक काळाने सक्तीचे करावे. भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या खासगी अकॅडमींना नोंदणी आणि किमान एक प्रशिक्षित व्यक्ती अशी अट घालता येईल. ग्रामीण रुग्णालयांनी सराव करणाऱ्या तरुणांसाठी रक्तदाब, हृदय आणि सिकलसेल तपासणीचा एक दिवस ठेवला, तरी अनेक धोके आधीच कळतील.

जळगाव जामोदहून अमरावती दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. विद्यापीठातले ज्ञान तेवढे अंतर कापून तालुक्याच्या मैदानावर पोहोचते का, यावर या विषयाचे मोल ठरेल. परीक्षेतल्या पेपरने कुणाचा जीव वाचत नाही. तो पेपर शिकलेला माणूस पहाटे मैदानावर हजर असावा लागतो, आणि त्याला तेथे पाठवणारे पद सरकारलाच निर्माण करावे लागेल.